मुलांनी केलेली पाहणी गावाने ऐकून घ्यावी

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

दहावीचा निकाल लागला की 'कोकण विभाग अव्वल' हा मथळा आपल्याकडे ठरलेला असतो. २०२५ साली राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग मिळून होणाऱ्या कोकण विभागाचा ९८.८२ टक्के. माझी सारी नोकरी याच किनाऱ्यावरच्या माध्यमिक शाळांत गेली असल्यामुळे या यशाचा अभिमान मलाही आहे. परंतु उत्तीर्ण झालेली ही मुले कशी आहेत, त्यांना झोप किती मिळते, घरी त्यांच्याशी बोलायला कोण असते, दहावीनंतर गाव सोडावे लागेल याची धास्ती त्यांना कितव्या वर्षापासून वाटू लागते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या टक्केवारीत नाही. ते उत्तर शोधण्याचे काम मुलांनाच नीट शिकवून त्यांच्यावर सोपवता येण्यासारखे आहे, आणि त्यांनी शोधून आणलेले गावातल्या मोठ्या माणसांनी बसून ऐकून घेतले पाहिजे, एवढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रकल्प ही गोष्ट शाळांना नवीन नाही. अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा या विषयात प्रकल्प करावाच लागतो, खालच्या वर्गांत अंतर्गत मूल्यमापनासाठी उपक्रम असतात, आणि तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन दरवर्षी भरते. या वह्या आणि प्रतिकृती तपासण्याचे काम माझ्याकडे अनेकदा आले. खाडीकाठच्या मुलीच्या वहीत दिल्लीच्या धुराची माहिती सुवाच्य अक्षरात उतरवलेली असते, पण तिच्या वाडीची विहीर मार्चमध्ये का आटते किंवा तिच्या वर्गातली मुले पावसाळ्यात का गैरहजर असतात, याबद्दल एक ओळही नसते. तयार वह्या बाजारात मिळतात, नक्कल करायला वरच्या वर्गाची वही मिळते, आणि आता तर मोबाइलला विचारले की पूर्ण प्रकल्प निष्कर्षासह लिहून मिळतो. याचा दोष मी मुलांना देत नाही. जो कागद तपासल्यावर कपाटात जातो आणि पुढच्या वर्षी रद्दीत निघतो, तो मन लावून का लिहावा, हा प्रश्न त्यांना पडणे स्वाभाविक आहे.

याहून चांगला नमुना आपल्या देशातच आहे. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत १० ते १७ वर्षांच्या मुलांनी आपल्या परिसरातील एखादा प्रश्न निवडून, स्वतः निरीक्षण आणि पाहणी करून, रोजची नोंदवही ठेवून तो मांडायचा असतो. कोकणातील कितीतरी शिक्षकांनी पदरमोड करून मुलांना या परिषदेपर्यंत नेले आहे. मात्र पाणी, माती, कचरा, ऊर्जा हे विषय जितक्या सहज निवडले जातात, तितक्या सहज शिक्षण, मानसिक स्वास्थ्य किंवा गावातील नातेसंबंध हे विषय निवडले जात नाहीत. मुलांच्या नव्या कल्पनांना प्रोत्साहन देणाऱ्या केंद्र सरकारच्या 'इन्स्पायर-मानक' योजनेत सहावी ते बारावीच्या निवडक विद्यार्थ्यांना दहा हजार रुपये मिळतात ही उत्तम गोष्ट आहे, पण तेथेही कल्पना म्हटले की उपकरणच डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत १९५० पासून भरणाऱ्या आणि आता जगभरातील शाळकरी मुले ज्यात भाग घेतात त्या विज्ञान मेळ्यात मानवी वर्तन आणि समाजशास्त्र हा स्वतंत्र विभाग आहे. आपल्या तालुका प्रदर्शनात असा विभाग सुरू करण्यासाठी एक वर्ग आणि चार टेबले यांपलीकडे काही लागणार नाही.

विषयांची वाण आपल्याला नाही. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. रत्नागिरीत २०११ साली दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. कमावता पुरुष मुंबईला किंवा जहाजावर आणि घरात आई, आजी, आजोबा व मुले, अशी कुटुंबे या आकड्यांच्या मागे आहेत. चाकरमान्यांवर आपण पुष्कळ लिहिले आणि बोललो, पण वडिलांशी वर्षभर फोनवरच बोलणाऱ्या नववीतल्या मुलाला अडचण आली की तो कोणाकडे जातो, हे त्याच्याच वर्गातल्या मुलांनी विचारले तर जे कळेल ते मुंबईहून आलेल्या संशोधकाला कळणार नाही.

एसटीचेच उदाहरण घ्या. मुलींना शाळेसाठी मोफत पास मिळतो आणि त्या पासाने हजारो मुलींचे शिक्षण टिकवले आहे. परंतु शाळा सुटल्यानंतरची गाडी चुकली तर पुढची थेट वस्तीची, अशी स्थिती असलेल्या गावांत मुलगी ग्रंथालयात थांबू शकत नाही, खो-खोच्या सरावाला थांबू शकत नाही आणि शंका विचारायला शिक्षकांकडेही थांबू शकत नाही. आठवीच्या मुलींनी महिनाभर गाडीची ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ आणि त्या दिवशी शाळेनंतर कोणाला काय सोडावे लागले, एवढीच नोंद ठेवली तर शिक्षण आणि स्वास्थ्य यांचा संबंध दाखवणारा कागद तयार होतो. आगार व्यवस्थापकापुढे तोंडी तक्रारीपेक्षा त्या कागदाचे वजन अधिक असते. पावसाळ्यात साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून, पाणी गेले की कोणत्या वाडीतली मुले घरी राहतात, हे तर शाळेच्या हजेरीपटात आधीच लिहिलेले आहे. जून ते सप्टेंबरचा हजेरीपट वाडीवार मांडून पाहण्याचे काम सातवीचा वर्गही करू शकेल.

काही विषय जड आहेत आणि तरीही ते आपलेच आहेत. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात पाचवी-सहावीत असलेली मुले आता माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत पोहोचली आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. पोफळीला पुन्हा उत्पन्न धरायला वर्षे लागतात, आणि तेवढी वर्षे त्या घरांनी मुलांच्या शिक्षणाचा खर्च कसा भागवला हा अभ्यासाचा विषय आहे. रत्नागिरी-देवगडच्या आंबा बागांत राखणीसाठी आणि कामासाठी येणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुले हंगामात कोणत्या शाळेत असतात आणि त्यानंतर कोठे जातात, रायगडमधील कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर गेली की त्यांच्या मुलांची नावे पटावर असूनही जागा रिकामी का राहते, हे प्रश्न शेजारच्या बाकावरची मुले रोज पाहत असतात.

आता जो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे प्रश्न कसा विचारावा. मुलांच्या हाती प्रश्नावली देऊन 'जा, पाहणी करा' म्हणण्याने संशोधन होत नाही. 'मोबाइलमुळे तुमच्या अभ्यासावर वाईट परिणाम होतो असे तुम्हाला वाटते का?' असे विचारले की समोरचा मुलगा शिक्षकांना आवडेल तेच उत्तर देतो, आणि मग 'नव्वद टक्के विद्यार्थ्यांच्या मते मोबाइल घातक' असा तक्ता रंगीत खडूने सजवून भिंतीवर लागतो. त्याऐवजी 'काल रात्री झोपण्यापूर्वीचा शेवटचा तास तुम्ही काय करत होता?' आणि 'आज सकाळी किती वाजता उठलात?' असे विचारावे. उत्तर देणाऱ्याला आठवून सांगता येईल असे आणि ज्यात बरे-वाईट आधीच भरलेले नाही असे दहा प्रश्न तयार करायला वर्गाला पंधरा दिवस लागले तरी चालतील. त्या पंधरा दिवसांत मुले जे शिकतील ते प्रश्न-उत्तरांच्या गाइडात सापडणार नाही.

स्वास्थ्य मोजण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची एक साधी प्रश्नावली जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत मन आनंदी होते का, शांत वाटले का, अंगात उत्साह होता का, झोपेतून उठल्यावर ताजेतवाने वाटले का आणि रोजच्या जगण्यात रस वाटेल अशा गोष्टी होत्या का, यांना शून्य ते पाच गुण द्यायचे, बेरीज करायची आणि तिला चाराने गुणून शंभरपैकी गुण काढायचे. नववीच्या मुलांना हे गणित सहज जमते. पण यात 'गेल्या दोन आठवड्यांत' हे शब्द कोकणात फार जपून वापरावे लागतील. गणपतीच्या दिवसांत, वडील आणि काका गावी आलेले असताना, घर माणसांनी भरलेले असताना हीच प्रश्नावली भरून घेतली तर एक उत्तर येईल. चाकरमानी परतल्यानंतरच्या पंधरवड्यात दुसरे येईल. दहावीच्या सराव परीक्षेच्या काळात तिसरे. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि खलाशांच्या घरी वडील असतात, तेव्हाचे उत्तर आणखी वेगळे. मुलांनी ती एकाच शाळेत वर्षातून तीनदा भरून घेतली आणि फरक मांडला, तर एका वेळच्या शंभर प्रश्नावल्यांपेक्षा त्यातून अधिक कळेल. या गुणांवरून कोणाला आजारी ठरवायचे नसते, हेही त्यांना पहिल्याच दिवशी सांगावे लागेल.

आपल्या शाळांचा पट लहान आहे, याचाही विचार येथे करावा लागतो. अठरा मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे साडेपाच टक्के. 'अकरा टक्के विद्यार्थी चिंताग्रस्त' असे लिहिले की ऐकणाऱ्याला फार मोठी पाहणी झाल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात ती दोन मुले असतात. तेथे 'अठरापैकी दोन' असेच लिहावे. पट लहान असला की नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो. ज्या वर्गात एकाच मुलाचे वडील जहाजावर आहेत, तेथे 'वडील जहाजावर' हा रकाना म्हणजे त्या मुलाचे नावच झाले. अक्षर तर सगळ्यांना सगळ्यांचे ओळखता येते. म्हणून तीन-चार शाळांनी एकत्र येऊन पाहणी करावी, एका शाळेच्या प्रश्नावल्या दुसऱ्या शाळेने मोजाव्यात आणि उत्तरे खुणांनी द्यायची ठेवावीत. शिक्षण विभागाच्या एकाच केंद्रातील शेजारच्या शाळा स्पर्धांसाठी एकत्र येतातच, त्या यासाठीही येऊ शकतील.

आणखी एक चूक मोठ्या संशोधनातही होते, तेव्हा मुलांना ती सुरुवातीलाच दाखवून द्यावी. शाळेत बसलेल्या मुलांनाच विचारले तर शाळा सुटलेल्यांची बाजू कधीच येत नाही. काजूच्या कारखान्यात लागलेली मुलगी, होडीवर जाऊ लागलेला मुलगा, लग्न ठरल्यामुळे अकरावी सोडलेली मुलगी यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी वाडीत जावे लागते, आणि ते काम मोठ्या माणसाच्या सोबतीनेच व्हायला हवे. तसेच दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असे होत नाही. वडील परगावी असलेल्या मुलांचे गुण कमी आढळले तर ते वडील नसल्यामुळे, की घरकाम वाढल्यामुळे, की शिकवणीला पैसे नसल्यामुळे, हे वेगळे करायला आणखी विचारावे लागते. चौदा वर्षांच्या मुलाला हे समजते, कारण बदली गोलंदाज आल्यावर गडी बाद झाला तर श्रेय कोणाला द्यायचे यावर तो तासभर वाद घालत असतो.

मनाविषयी विचारायचे असेल तर मर्यादा काटेकोर हवी. एनसीईआरटीने २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही आपल्या चिंतेची कारणे असल्याचे सांगितले. म्हणजे मुले बोलायला तयार आहेत. पण बोलणाऱ्याला सांभाळण्याची तयारी आपली असली पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुलांवरील वैद्यकीय व आरोग्यविषयक संशोधनासाठी पालकांची संमती लागतेच, शिवाय मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. वर उल्लेखिलेल्या अमेरिकेतील विज्ञान मेळ्यात तर माणसांविषयीचे संशोधन सुरू करण्याआधीच परीक्षण मंडळाची मंजुरी घ्यावी लागते. आपल्या शाळेतही मुख्याध्यापक, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि दुसऱ्या शाळेतील एक शिक्षिका अशा तिघांनी प्रश्नावली आधी वाचावी. उत्तर न देण्याचा आणि मध्येच थांबण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, हे प्रश्नावलीच्या पहिल्या ओळीत मराठीत लिहिलेले असावे.

मुलांनी मुलांना स्वतःला इजा करण्याविषयी किंवा अत्याचाराविषयी विचारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो प्रश्न प्रशिक्षित माणसाचा आहे. तरीही एखाद्या मैत्रिणीने आपण होऊन काही सांगितले, तर ते वहीत न लिहिता ताबडतोब विश्वासाच्या शिक्षिकेला सांगायचे, हे प्रत्येक गटाला आधीच माहीत हवे. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे मदत-क्रमांक प्रत्येक प्रश्नावलीच्या शेवटी छापलेले असावेत. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. शाळेची अब्रू जाईल म्हणून ती दडपणाऱ्या प्रौढांना मुलांच्या प्रकल्पाशी संबंध ठेवण्याचा अधिकार नाही.

खर्चाबद्दल फार लिहीत नाही. कागद, झेरॉक्स आणि एसटीचे भाडे एवढाच तो आहे. शिक्षकांचा वेळ मात्र खरोखर अपुरा आहे. निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती भरणे आणि कमी पटाच्या शाळेत एकाच शिक्षकाकडे असलेले तीन-तीन विषय यांच्यात भर म्हणून हे काम टाकले तर पुन्हा नकलाच होतील. सध्याच्या सक्तीच्या प्रकल्पांपैकी एकाच्या जागी ही पाहणी धरावी आणि तिचे गुण तक्त्याच्या रंगांना न देता मूळ प्रश्नावल्या, नोंदवही आणि मुलांनी तोंडी दिलेल्या उत्तरांना द्यावेत. 'हा प्रश्न तू बदललास का? का बदललास?' एवढे परीक्षकाने विचारले तरी वही कोणी लिहिली हे लगेच कळते. महाविद्यालयांतील समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि संख्याशास्त्राच्या विभागांनी वर्षातून चार शनिवार जवळच्या शाळांना द्यावेत. चिपळूणच्या १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारखी जुनी ग्रंथालये या किनाऱ्यावर आहेत. आपल्या भागातील शाळकरी पाहण्यांची एक प्रत अशा ग्रंथालयांनी जपून ठेवली, तर दहा वर्षांनंतरच्या मुलांना तुलना करायला आधार मिळेल.

शेवटी ऐकण्याविषयी. प्रदर्शनात उद्घाटक प्रत्येक टेबलापाशी अर्धा मिनिट थांबतात, फोटो निघतो आणि पाहुणे भोजनाला जातात. सामाजिक पाहणीला असा श्रोता पुरत नाही, कारण तिच्या निष्कर्षाला कोणीतरी उत्तर देणे लागते. माझी मागणी अशी आहे की माध्यमिक शाळांच्या या पाहण्या प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास होणाऱ्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर घ्याव्यात, मुलांना पंधरा मिनिटे बोलू द्यावे, आणि सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, एसटी आगाराचा प्रतिनिधी किंवा आरोग्य केंद्राचे डॉक्टर यांच्यापैकी ज्यांच्याशी विषय संबंधित असेल त्यांनी महिन्याच्या आत शाळेला लेखी उत्तर द्यावे. उत्तर नकाराचे असले तरी चालेल, कारणासह असावे. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने येत्या शैक्षणिक वर्षापासून प्रत्येक तालुक्यात निदान दोन शाळांत हे करून पाहावे. गावाबद्दल अप्रिय काही निघाले तर मुलांना गप्प बसवले जाईल अशी भीती काही शिक्षकमित्र बोलून दाखवतात, आणि ती निराधार नाही. त्यासाठीच पाहणी अनेक शाळांची मिळून असावी आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात तिची नोंद व्हावी, असे मी सुचवतो.

आपल्यालाही एक विनंती आहे. निकालाच्या दिवशी गुणवंतांची छायाचित्रे आपण आवर्जून छापता. तसेच फेब्रुवारी महिन्यात जिल्हा पानावर एक जागा या पाहण्यांसाठी राखून ठेवावी. तीत प्रश्न काय होता, किती जणांना विचारले, काय आढळले आणि संबंधितांनी काय उत्तर दिले, हे मुलांच्याच शब्दांत छापावे. मुलांची नावे न छापता शाळेचे व इयत्तेचे नाव द्यावे. उत्तर आले नसेल तर तेही तसेच नमूद करावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी